थांबलात की पुसलं!

...छे छे, फुकट असलं म्हणून काय माणसाच्या मानगुटीवर बसायचं? म्हणजे तुम्हाला सांगतो, कादंबरीचं शेवटचं प्रकरण अडलेलं, प्रकाशक फोनवर ओरडतोय, 'संध्याकाळपर्यंत आलं नाही तर पुस्तक विसरा!', आणि मी सकाळपासून त्याच ओळीवर! तेवढ्यात आमचे साडू टपकले. साडू कॉम्प्युटरमधले. म्हणजे करतात काय देव जाणे, सल्ले देतात! 'अहो, लेखकांसाठी खास सॉफ्टवेअर आलंय, आणि फुकट आहे हो!'

दिलं लावून. ठरलेले शब्द पुरे झाले की प्रकरण आपोआप प्रकाशकाला जाईल, हीसुद्धा सोय करून, चहा पिऊन गेले. आता याची खुबी काय? तर लिहिताना जरा थांबलात की लिहिलेलं सगळं पुसून टाकतं! सगळं! लेखक आळशी असतात म्हणे! अहो, नायिकेला मरायला अंथरुणावर निजवली होती, तिचे शेवटचे शब्द आठवायला थांबलो... गेली! मरायच्या आधीच गेली! साडूंना फोन केला, तर 'थांबायचंच नाही ना मग! धर्माची गाय आणि दात का गं नाय? फुकट आहे हो!'

मग काय, लागलो बडवायला. तोच आतून बायको, 'अहो, दूध बघा!' आता उठू कसा? उठलो की नायिका परत गेली! काही सुचेना, म्हणून कानावर पडेल तेच टाइप करत सुटलो... 'दूध बघा म्हटलं ना! गेलं उतू! मी मेले तरी हा माणूस खुर्ची सोडायचा नाही! तुमच्या आईचं मी केलं, तुमच्या तापात मी जागले, आणि पुस्तकात त्या मेल्या नायिकेचे डोळे!' ती दारात उभी, थांबेना, म्हणून मला थांबता येईना! इतक्या वर्षांचं साठलेलं हो... आणि एक शब्द खोटा नाही! मला लाज वाटत होती, पण बोटं कुठली थांबतायत? फुकट आहे हो!

आणि टुण्ण! शब्द पुरे! गेलं प्रकाशकाला!

झालं, म्हटलं, संपलो. फोन वाजला. 'साहेब, काय बाई उभी केलीत! डोळ्यांत पाणी आलं! आधीची सगळी प्रकरणं काढा, फक्त हीच ठेवा!'

बायकोला सांगितलं. तिनं शांतपणे खुर्ची ओढली, समोर बसली, म्हणाली, 'घ्या लिहून पुढचं.'

पुस्तक येतंय. मुखपृष्ठावर नाव तिचं. नाही, माझंही आहे हो, आतल्या पानावर, बारीक अक्षरात... 'अक्षरजुळणी'!