वाटेत सडलेले पैसे

क्रिप्टोतून पैसे काढाचं म्हनून राह्यला ना, मंग पहिले मायं आयक. बाहेरदेशच्या ॲपवरून मी पैसे काढले, अमरावतीच्या खात्यात आले कमी. ॲपवाले म्हनत, आमी नाही, बँकेनं कापले. मी बँकेत भांडाले निघालो, तर शेंदूरजनाघाटचे मामा बी संगं निघाले. संत्र्याचे व्यापारी मानूस, भांडन म्हटलं का त्यायच्यानं घरी बसवत नाही.

बँकेतला साहेब म्हने, "आमी रुपया नाही कापला. बाहेरदेशातून पैसे येताना मधात एक बँक लागते, तिचा चार्ज हाय."

मामानं इचारलं, "म्हंजे माल वाटेत खराब झाला?"

"तसंच समजा, काका."

"मंग दाखवा. आमच्या इकडं सडलेलं संत्रं समोर ठेवल्याबिगर कोनी पैसे कापत नाही."

"काका, हा क्रिप्टोचा पैसा. यातलं काहीच दिसत नसते."

"अन् चार्ज?"

साहेबानं स्क्रीन फिरवली. "हा पाहा ना."

मामा चष्मा लावून लय वेळ पाह्यत राह्यले. मंग हळूच मले म्हने, "बाप्पा! माल दिसत नाही, फक्त सड दिसते! असा धंदा आपल्याले काहून नाही सुचला रे?"