दवाखान्यातला समुद्र

धुळ्यात दातांच्या दवाखान्यात हेमांगी गाल धरून बसली होती. समोर भिंतीवर लाकडी ठशाचं जपानी चित्र होतं, बेटाचं नि निळ्या किनाऱ्याचं. त्याखाली एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“भूषणना बाप, हाई तापी शे का?” आजीबाईंनी मान वळवून चित्राकडे बोट दाखवलं.

“बठ्ठा समुद्र शे तो.”

“लगीनमा समुद्र दखाडसू, अस बोलेल व्हतात तुम्ही.”

“मंग आते देखी ले.”

“हाऊ कागदना शे!”

“बरं शे ना, लुगडं वल्लं व्हनार नही.”

इतक्यात नर्सनं हाक मारली, “झुलाल आबा, दाढ काढायची ना? आत या.”

आबा जागचे हलेनात.

“तू भी चाल मनासंगे.”

“समुद्र दखाडशात?”

“दखाडसू, दखाडसू!”

“कधय?”

“दिवाळीले!”

आजीबाई हेमांगीकडे वळल्या. “पोरी, तू आयकं ना?”

हेमांगीनं मान हलवली, तेव्हाच आजीबाई उठल्या.