आठ मिनिटं न हललेला माणूस

नाही नाही, पेन ड्राइव्ह आत्ताच काढू नका, ताई. बसा आधी — ती नको, ती डुगडुगते, ही घ्या. पाणी? बरं, राहू दे. तर फोनवर मी तुम्हाला ‘या की, बघू’ म्हणालो ना, ते जरा घाईत म्हणालो. तुमच्या वडिलांची फाइल आहे. म्हणजे वडिलांची नाही — त्यांच्या कारखान्याची, त्या लाकडी साचे करायच्या खोलीची. ती आहे. इमारत पाडायच्या आधी मोजून ठेवायची होती, काम आमच्याकडे आलं, मीच यंत्र घेऊन गेलो. सोपं असतं हो ते — तीन पायांच्या स्टँडवर ठेवायचं, ते आपलं सावकाश फिरतं, चहूकडे किरण सोडतं, किरण जिथं आपटेल तिथं एक ठिपका. भिंतीवर ठिपके, खिळ्यावर ठिपके, समोर कोणी असेल तर त्याच्या नाकावर ठिपके. एका खोलीचे दहा कोटी! आणि फोटोसारखं नाही हं हे, यात आत शिरून फिरता येतं, टेबलाखाली वाकून बघता येतं — हो, तुमचे वडील, मिस्त्री, होते त्यात. ते घरी सांगायचे ते खरंय. थापा नव्हत्या मारत.

शेवटी शेवटी म्हणायचे ना ते, की मी त्या यंत्रात आहे, आठवण आली की तिथं जाऊन बघा मला? तुम्ही फोनवर हे बोललात आणि मी पटकन फोन ठेवला. कारण मलाही सगळं आठवतंय. खोली रिकामी लागते आम्हाला, मी सगळ्यांना बाहेर काढलं होतं. मिस्त्री म्हणाले, गुडघे धरलेत बाबा, मी इथंच बसतो, हलणार नाही, किती वेळ? म्हटलं आठ मिनिटं. खिशातून कंगवा काढला, केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं — आणि बसले. आठ मिनिटं! लहान पोरांना फोटोला बसवतात तसे, दोन्ही हात मांडीवर. यंत्र थांबलं तरी हलेनात, मला सांगावं लागलं, झालं मिस्त्री. मग विचारतात कसे — आता याचं पुढं काय करता? म्हटलं, फार मोठं होतं हे, मग आम्ही ते लहान करतो. हसले. म्हणाले, आमचं साच्यात ओतलेलं लोखंडही थंड होताना आक्रसतं, म्हणून आम्ही साचा मुळातच जरा मोठा करतो. तुम्ही किती जास्त धरता? काय प्रश्न आहे बघा! वीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. आणि मी काय उत्तर दिलं? म्हटलं, आमच्यात तसलं काही नसतं, मिस्त्री, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. ह्या तोंडाने म्हणालो मी हे.

आता लहान करणं म्हणजे काय — घर बदलताना आपण भांड्यात भांडं घालतो ना, तसंच. खोलीचे डबे करायचे, डब्यात डबे, त्यात आणखी डबे, रिकामा डबा असेल तर लिहायचाच नाही, भरलेल्यातला एकच ठिपका ठेवायचा. सपाट भिंत आली की लाख ठिपके कशाला, ‘इथं भिंत आहे’ एवढं लिहिलं की झालं. सगळं खरं तर सॉफ्टवेअरच करतं. आणि माणूस मध्ये आला की तो — आमच्याकडे त्याला एक शब्द आहे. वाईट आहे, पण आहे. कचरा. इमारत मोजायची असते ना, मग माणूस, कुत्रं, उडणारी पिशवी, सगळा कचरा. सॉफ्टवेअर तो आपोआप उचलून —

नाही. खोटं बोलतोय मी. हलणारा माणूस सॉफ्टवेअर काढतं. न हलणारा त्याला कळत नाही, त्याला वाटतं सामानच आहे काहीतरी. मिस्त्री तर एवढेसेही हलले नव्हते. त्यांना मी काढलं. हाताने, चौकट ओढून. जमिनीपासून आठ सेंटिमीटर सोडायचे, नाहीतर जमीनही जाते, आणि त्याच्या वरचं सगळं उचलायचं. मागच्या भिंतीत त्यांच्या आकाराची जागा कोरी राहिली — डोकं, खांदे, सगळं ओळखू यायचं. ती बघवेना, म्हणून शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून तिथं चिकटवला. तुम्ही म्हणाल, मूळ फाइल असेल की. असायला हवी. दोन वर्षं ठेवायची असा आमचा नियमच आहे. मी ती त्याच आठवड्यात पुसली.

का? सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. त्या कपाटाच्या दारावर कागद दिसतोय? कुणाची फाइल किती लहान झाली, त्याचा तक्ता. आमच्यात तो एक चष्मेवाला आहे, दर महिन्याला तोच पहिला. मला एकदा त्याला हरवायचं होतं. बस, एवढंच. या वयात! साठ जीबीची फाइल मी पाऊण जीबीत बसवली. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी, मीही मिरवलो. मिस्त्रींना काढल्याने त्यातलं किती वाचलं असेल, माहितीये? चिमूटभर. काढले नसते तरी मी पहिलाच आलो असतो. मूळ फाइल पुसली ती डिस्क पुढच्या कामाला हवी होती म्हणून, नवी मागायला दुसऱ्या मजल्यावर जावं लागतं म्हणून. जिना चढायचा कंटाळा, ताई. दुसरं काही कारण नाही.

रडू नका. म्हणजे — रडा, मी कोण सांगणारा. तुम्ही मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आणखी एक आहे. हे मी बोलणार नव्हतो. सकाळी तुमचा फोन ठेवला आणि मी फाइल उघडली. वर्षभराने. म्हटलं, बघावं तरी. खोली रिकामी, भिंत साफ, कुणाला संशय येणार नाही अशी. आणि खाली जमिनीवर दोन उंचवटे. मला आधी कळेचना. मग कळलं — आठ सेंटिमीटर. तेवढं मी सोडलं होतं ना? बूट राहिलेत, ताई. मिस्त्रींचे बूट. सॉफ्टवेअरला जमीनच वाटली ती, म्हणून ठेवले.

आणि मी काय केलं? ‘काही मिळालं नाही हो’ असं सांगून तुम्हाला परत पाठवता यावं म्हणून त्यांच्याभोवतीही चौकट ओढली. बोट बटणावर होतं. तुम्ही दार वाजवलंत, म्हणून राहिलं. बघा, ती पिवळी चौकट अजून तशीच आहे. थांबा, काढतो. हं. आता बघा. नीट दिसत नाहीत, ठिपके विरळ आहेत, पण — उजवा सरळ आहे, डावा जरा आत वळलेला. तसेच बसायचे का ते?

बरं. बरं बरं. ही माझी खुर्ची घ्या, पडद्याजवळ बसा. मी बाहेर उभा राहतो. फक्त माऊसला हात लावू नका — नाही, लावा. लावा. मी दार ओढून घेतो.