शांत बाईचा दमा

सांगते, पण मध्ये बोलू नका. आम्हा दोघी जावांना दमा. मी भांडखोर, धाकटी कमला शांत; घरात कौतुक तिचंच. परवा ओरत्तनाडूला भाचीकडच्या पूजेत सांबराणीच्या धुपाचा धूर कोंडला. मी लगेच उठले, पंप ओढला, खिडक्या उघडल्या. कमला मात्र बसूनच.

“ऊठ गं!”

“अक्का, पाहुणे काय म्हणतील?”

थोड्या वेळात तिला बोलताही येईना. पाहुण्यांना दिसू नये म्हणून स्वतःचा पंप ती घरीच ठेवून आलेली! माझाच तिच्या तोंडाला लावला आणि ऑटोनं दवाखाना गाठला. रांगेत थांबा म्हणाले, तशी मी ओरडले.

तिला ऑक्सिजन लावून डॉक्टर मला म्हणतात, “अम्मा, रागानं दमा वाढतो. यांच्यासारखं शांत राहा.”

मी म्हटलं, “डॉक्टर, शांत बाई खाटेवर आहे. तिला इथवर आणलं रागीट बाईनं.”