दोर आमचा, मत नाही

हॅलो?… हो, मीच. बोला भाऊजी… नाही, थांबा, आधी मी बोलते. तुमच्या महासंघाने आमच्या राज्याचं मत गिळलं आणि साधा ढेकरही दिला नाही.

…'वहिनी, वहिनी' नका करू. रस्सीखेचीच्या राज्य संघटनेची अध्यक्ष बोलतेय. पुतण्यांची चौकशी नंतर करा.

…सहयोगी सदस्य म्हणजे काय हो? बैठकीला यायचं, बिस्किटं खायची, हात मात्र वर करायचा नाही. असंच ना?… हो, हो, वाचला नियम. मागच्या बैठकीत मी तुमच्या अध्यक्षांविरुद्ध हात वर केला, आणि या बैठकीत आमच्या राज्याला सहयोगी करणारा नियम आला. भारी चपळ नियम आहे.

…ऐका ना. मतावाचून मी जगेन. पण सहयोगी सदस्याला राष्ट्रीय स्पर्धेत संघही उतरवता येत नाही, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? माझ्या पोरी वर्षभर चिखलात टाचा रोवताहेत. संघाचं वजन मर्यादेत राहावं म्हणून एकीनं सख्ख्या बहिणीच्या लग्नात गोडाला हात लावला नाही.

…काय? दोर?

…अच्छा. म्हणून फोन होय. मला वाटलं, वहिनीची आठवण आली.

…आहे ना, मापाचा आहे, कोरडा आहे. पण महासंघाचा कुठे गेला?… कशाला बांधला?… अध्यक्षांच्या सत्काराच्या मंडपाला? गाठी मारून? भाऊजी, गाठ पडलेला दोर मैदानात चालत नाही, हे तुम्हाला मीच शिकवलं होतं ना?

…मी नाही हसत. तुमचे दादा हसताहेत. दोराच्या वेटोळ्यावर बसून चहा पिताहेत.

…मग नवा घ्या की… परवा स्पर्धा, आणि नवा यायला महिना? अरेरे.

…छे, अडवतेय कुठे? पोरींना सरावाला न्यायचा टेम्पो दारातच उभा आहे. दोर चढवतेच. फक्त त्याच्याआधी पोरी चढून बसल्यात, बूट घालून… हे बरं आहे. सहयोगी सदस्याचा दोर चालतो, पोरी चालत नाहीत?

…शेजारी कोण आहे हो? मघापासून कुणीतरी खोकतंय… अध्यक्ष? मग स्पीकरवर टाका ना… आधीपासूनच आहे? बरं झालं, पुन्हा सांगायला नको.

नमस्कार साहेब. 'बघतो', 'कळवतो' नको. टेम्पोवाला खोळंबलाय. सामन्यांच्या जोड्यांमध्ये आमच्या राज्याचं नाव येणार की नाही?

…हॅलो?… साहेब, खोकू नका, बोला. हो की नाही?