बराकीतली मेणाची बाई

सन्माननीय अध्यक्षसाहेब, वारसा खात्याच्या मोठ्या बाई, व्यासपीठावर बसलेले आणि तिथे खुर्ची न मिळालेले मान्यवर, तोफखाना आळीतल्या माझ्या लेकीसुनांनो, आणि पहिल्या रांगेत नव्या कोटात अवघडून बसलेले आमचे हे.

हातातल्या कागदावर जाऊ नका. मजकूर मी सांगितला, नातीने उतरवला. मला त्यातलं एक अक्षर लागत नाही. पण मोकळ्या हाताने उभं राहिलं की माणूस काही मागायला आल्यासारखं दिसतं, असं ती म्हणाली.

आज यांना निरोप. राजवाड्याच्या मागच्या देवडीवर यांनी उभी हयात पहारा दिला. राजे गेले, राण्या गेल्या, पलटण गेली, तोफांच्या तोंडात चिमण्यांनी घरटी केली. देवडी मात्र कोणी पळवली नाही. याचं श्रेय यांना द्यायलाच हवं. घरातलं दूध मांजर यांच्या डोळ्यांदेखत पिऊन जायचं, पण दूध काही सरकारी मालमत्तेत येत नव्हतं.

मघाशी साहेबांनी पागेच्या कमानींचं आणि तोफखान्याच्या भिंतींचं किती सुंदर वर्णन केलं. आम्ही त्यामागच्या बराकीत राहतो. तिथे महाराज एकदा घोडा थांबवून पाणी प्यायले, अशी पाटी आहे. आमच्या सासूबाईंनी तिथेच जन्मभर पाणी भरलं. पण पाटी पिणाऱ्याची लागते, भरणारीची नाही.

आता त्या बराकीचं संग्रहालय होणार. शिपायांची कुटुंबं कशी राहत, ते लोकांना दिसावं म्हणून. कल्पना छानच आहे. फक्त त्यासाठी शिपायाच्या कुटुंबाने आधी खोली सोडायची. मोठ्या बाई स्वतः घरी आल्या, चहा घेतला, माझी शेगडी मागितली, खाट मागितली. शेगडीपाशी मेणाची एक बाई बसवायची आहे म्हणाल्या. तिच्यासाठी माझे जुने कपडेही मागितले. मी विचारलं, "मग मी कुठे बसू?"

"आजी, तुम्ही केव्हाही बघायला या. तुम्हाला तिकीट नाही."

एवढा मान मला माहेरीही मिळाला नव्हता.

यांना म्हटलं, तुम्ही तरी एक शब्द बोला. तर म्हणे हुकूम आला आहे, समारंभात किल्ली सुपूर्द करायची. आता गंमत ऐका. बराकीच्या खोल्यांना कुलूप कधी नव्हतंच. अधिकारी केव्हाही तपासणीला येणार, शिपायाने दार बंद ठेवायचं नाही, असा पलटणीचा नियम. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दाराला आतून वीट लावून झोपतो. मग किल्ली आणायची कुठून? तर सुपूर्द करायला किल्ली हवी, म्हणून आमचे हे काल बाजारातून नवं कुलूप घेऊन आले. सुताराकडून कडीकोयंडा बसवून घेतला. कुलूप लावून पाहिलं, ओढून पाहिलं. मग बाहेर त्या बंद दाराकडे बघत किती वेळ उभे राहिले. किल्ली माझ्या हातात ठेवून हळूच म्हणाले, "आज पहिल्यांदा हे आपलं घर वाटतंय गं."

मोठ्या बाई, ते तबक सजवून ठेवलंय, दिसतंय मला. फुलं सुरेख आहेत. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि तिथेच राहील. लोकांना शिपायाचं घर बघायचं असेल तर खुशाल पाठवा. दार वाजवून यावं, एवढंच.

बोलावलंत, बोलू दिलंत, उपकार झाले. म्हातारीच्या तोंडून अधिकउणं गेलं असेल तर पोटात घाला.

अहो, उठा आता. घरी चला.