भरतीचं चिलखत

—नाही नाही, बंद नका करू, ताई. टीव्ही बंद केला की यांचा जीव घाबरा होतो. आवाज कमी करते हवं तर. तुम्ही बसा ना, पाय रजईखाली घाला, टेबलाखाली शेगडी आहे. बाहेर काय बर्फ पडतंय, समुद्रसुद्धा दिसेनासा झालाय. तुमच्या आधी यांना बोलायला शिकवायला यायच्या त्या मोरिशिताताई इथेच बसायच्या—एक संत्रं खायच्या, यांच्यापुढे चित्रांची कार्डं धरायच्या, हे काय, मांजर, हे काय, छत्री—आणि हे भिंतीकडे बघत बसायचे. त्या गेल्या बाळंतपणाला, आता तुमच्या वाट्याला आलेत हे. धरा, तुम्हीही धरा कार्डं, पण आधीच सांगून ठेवते, उपयोग नाही. झटका आला त्या दिवसापासून एक शब्द नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. डोळे बघा ना कसे टकटकीत आहेत. कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही—काय शांतता असते हो घरात! काय? नाही, सहज म्हणाले.

हे हातातलं होय? हा यांचाच टीव्हीवरचा खेळ. हसू नका, म्हाताऱ्या बाईच्या हातात हे शोभत नाही ते मलाही ठाऊक आहे. आमच्या चिनामीनं नागोयाहून पाठवला होता, हे निवृत्त झाले तेव्हा. बाबा दिवसभर घरात बसून तुझ्या डोक्याशी लागतील म्हणाली, त्यापेक्षा त्यांना गुंतवून टाक. आणि गुंतले हो! इतके गुंतले की जेवायला उठेनात. मोठंच्या मोठं जग आहे यात—डोंगर, दऱ्या, पडकी देवळं, हा असा समुद्र—कुठेही जा, कुणी अडवत नाही. आणि जागोजागी चिलखतं लपवलेली. शिरस्त्राण एकीकडे, छातीचं कवच दुसरीकडे, हातमोजे तिसरीकडे आणि बूट भलत्याच ठिकाणी, एखाद्या विहिरीच्या तळाशी वगैरे. नकाशात काही नाही. आपलं आपण हुडकायचं. चारही नग जमले की एक संच पुरा. यांनी बगळ्याचं चिलखत मिळवलं, कोळशाचं मिळवलं, गारेचं मिळवलं. प्रत्येक वेळी मला हाक. ए, बघ इकडे. मी चुलीवरचं उतरवून यायची, हात पुसत उभी राहायची, आणि हे खेळातल्या शिपायाला पडद्यावर गोल गोल फिरवून दाखवायचे, समोरून, पाठीमागून, जसं काही स्वतःच घातलंय. छान आहे, म्हणायची मी. तुला काय कळतंय, म्हणायचे हे. जा, चहा आण.

फुसाए. नाव विचारलंत ना माझं? फुसाए. चाळीसेक वर्षांत यांच्या तोंडून ते कधी ऐकलं असेल तर शपथ. मी म्हणजे ए. ए, मोजे कुठायत. ए, मीठ कमी आहे. गावात विचारा कुणालाही, हामातानी मास्तर म्हणजे काय दरारा होता! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होते, अर्ध्या हिमी गावाला यांनीच गाडी शिकवली. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, माहितेय ना? तोच यांचा स्वभाव. समोरचा चालवतोय, आणि हे शेजारी बसून डावीकडे, डावीकडे, आंधळा आहेस का—आणि खाडकन ब्रेक. मलाही शिकायचं होतं हो. एका सुट्टीच्या दिवशी नेलं मला बंदरावर. पहिल्याच वळणाला ब्रेक मारला, माझं कपाळ आपटलं, आणि परत आल्यावर तिथे बसलेल्या सगळ्या पोरांसमोर म्हणाले, हिला रस्त्यावर सोडली तर गावातलं स्मशान मोठं करावं लागेल. पोरं खो खो हसली. मीसुद्धा हसले. काय करणार? तेव्हापासून मी आपली पायी. मासळी, तांदूळ, सगळं पाठीवर, असल्या बर्फातून. आणि यांची शिकाऊ गाडी जायची शेजारून. तर गाडी हळू करायला लावायचे, काच खाली करायचे, आणि त्या पोराला माझ्याकडे बोट करून सांगायचे—हे बघ, हा पादचारी. पादचारी दिसला की वेग कमी करायचा. अहो, बायको आहे हे सांगायचेही नाहीत. पादचारी!

घ्या ना संत्रं. यांना नका देऊ, ठसका लागतो. यांचा चहासुद्धा मी पावडर घालून घट्ट करते, चमच्या-चमच्यानं पाजते. पाठ बघा हवी तर यांची, एक फोड नाही. दवाखान्यातल्या नर्स म्हणाल्या, असं कुणी करत नाही. तेव्हा माझ्या सेवेत खोट काढायला कुणाला जागा नाही, हे तुम्हीही लिहून घ्या.

हां, तर झटका. इथेच, या जागी. मांडीवर हे यंत्र, पडद्यावर तो शिपाई समुद्राकाठी उभा, आणि हे एका अंगावर कलंडलेले. मी लगेच गाडी बोलावली, त्यात काही उणं नाही. मग दवाखाना झाला, मग घरी आणलं. आणि घरी आणलं त्या दिवशी मी चहा केला, आणि वाट बघत बसले. कशाची म्हणता? हाकेची. सवय असते ना कानाला. हाक आलीच नाही. संध्याकाळ झाली, दिवे लागले, हाक नाही. मी मघाशी म्हणाले ना, शांतता—ती ही. मग सहज हे यंत्र हातात घेतलं. कुठलं बटण कशाला, काही कळत नव्हतं. कड्यावरून पडायची, बुडायची, लांडगे फाडून खायचे मला. आणि हे पलंगावरून बघायचे. घशातून घुर्र घुर्र करायचे. पण ब्रेक? ब्रेक नाही! मी घोडा मिळवला, ताई. या वयात. किनाऱ्यावरून उधळत सोडते त्याला, असं वाटतं ना—असो.

पहिल्यांदा जे झालं ते चुकून झालं. खरंच चुकून. बाजारात एक काणा व्यापारी बसतो, त्याच्याशी बोलायला गेले, भलतंच बटण दाबलं, आणि बगळ्याचं चिलखत विकलं गेलं. मूठभर नाणी दिली त्यानं. परत घ्यायला गेले तर परत देत नाही, खेळच तसा आहे, लपलेली वस्तू एकदा गेली की गेली. मी वळून बघितलं, तर यांच्या डोळ्यांतून पाणी. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता. चिनामी लग्न करून गेली तेव्हा नाही. आणि आता दोन्ही गालांवरून धारा. मी पुसल्या. मऊ टॉवेलनं, हळूच. पुसता पुसता मला वाटलं, अरेच्चा. अजून पोचतं तर यांच्यापर्यंत.

मोरिशिताताई म्हणायच्या, मन गुंतवून ठेवा त्यांचं. मग गुंतवते मी. दिवसभर. आणि आता तर काय, भरतीचं चिलखत पुरं झालंय! हे बघा, हेच ते, अंगावर घातलंय शिपायानं. निळंशार आहे की नाही? याच्यासाठी तर यांनी आख्खा हिवाळा घालवला होता. तीन नग मिळाले होते, शिरस्त्राण काही सापडेना. दीपगृहाखालच्या खडकात आहे एवढंच कळलेलं. झटका आला तोही तिथेच शोधताना. आणि मला, मागच्या आठवड्यात, असंच भटकताना सापडलं! ओहोटी लागली होती, पाणी मागे गेलं, तर खडकात दोन भोकं दिसली. मी आपली उजवीकडच्यात शिरत होते, तर हे म्हणाले डावीकडे, म्हणून वळले, आणि आत बघते तर—

काय झालं? का थांबलात?

म्हणाले म्हणजे तसं नाही हो. म्हणाले म्हणजे—आवाज केला. घुर्र केलं असेल. मला वाटलं तसं. माणसाबरोबर इतकी वर्षं काढली की घुर्र केलं तरी कळतं. तुम्ही लगेच वहीत काय लिहायला लागलात? ठेवा ती. हे बघा, शब्दावरून शब्द पकडू नका. नाही, पहिल्यांदाच! याआधी कधीच—म्हणजे एकदा, तेही काय शब्द म्हणायचं का त्याला? लहान मूलही करतं तसं. पानगळीच्या दिवसांत. मी मुळा चिरत होते आत, आणि मागून आलं. ए.

सुरी थांबली माझी. आधी वाटलं टीव्हीतून आलं असेल. बाहेर आले तर हे माझ्याकडे बघतायत, तोंड वाकडं झालेलं आणि त्या वाकड्या तोंडानं हसतायत. खूश! पहिलं पाऊल टाकलेल्या पोरासारखे खूश. परत म्हणाले. ए. मी तिथेच उभी. तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल की बायकोनं धावत जाऊन मिठी मारावी, डॉक्टरांना फोन करावा, चिनामीला कळवावं. इतके महिने गप्प होता माणूस! देवानं एक शब्द परत दिला, जगातल्या सगळ्या शब्दांतून एक, आणि तो हा? पाणी म्हणाला असता. दुखतंय म्हणाला असता. चिनामी म्हणाला असता तरी मी रडले असते, ताई, खरंच रडले असते. हात धुतले, इथे येऊन बसले, घोडा काढला, बाजारात गेले, आणि कोळशाचं चिलखत विकून टाकलं. चारही नग. एक एक करून, हे बघत असताना. हुशार आहेत हो हे, तेवढ्यावरून समजले. दुसऱ्या दिवशी मोरिशिताताई आल्या, कार्डं धरली, आणि हे पुन्हा भिंतीकडे.

मग काय चुकलं माझं? तुम्ही याल आठवड्यातून एकदा, हे बोलले की टाळ्या वाजवाल, संत्रं खाऊन घरी जाल. हाका कुणाला येणार आहेत त्यानंतर? बरे होतील म्हणता. बरे म्हणजे कोण होणार? तोच माणूस होणार ना पुन्हा?

विचारायचंय तुम्हाला? विचारा की. तोंडावर विचारा त्यांना, मी मध्ये येत नाही. मी माझी खेळतेय. बसा त्यांच्याजवळ, हात धरा हवं तर. मी इकडे जरा बाजारापर्यंत जाऊन येते... अहो, दिसतंय ना तुम्हाला पलंगावरून? हा काणा व्यापारी. हे भरतीचं चिलखत. विकू का म्हणून विचारतोय तो, हो की नाही. अंगठा कुठे आहे माझा, बघून ठेवा. हां. विचारा, ताई.

परत विचारा. हळू विचारा. यांना वेळ लागतो.

बोल ना. ताई एवढ्या लांबून आल्यात तुझ्यासाठी. बोल. एक शब्द बोललास की डॉक्टर येतील, मोठ्या दवाखान्यात नेतील, माझ्या हातून सुटशील. बोल की!

बघितलंत? ओठसुद्धा हलला नाही. पडद्यावरून नजर हलली नाही. तुम्ही आता जाऊन ऑफिसात काय सांगायचं ते सांगा—म्हातारी असं म्हणाली, तसं म्हणाली. ते विचारतील, तुमच्यासमोर बोलले का ते? काय सांगाल? म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणतील, एकटीनं सेवा करून करून थकली असेल बिचारी म्हणतील, आणि माझ्यासाठीच एखादी बाई पाठवतील मदतीला.

झाली तुमची वेळ. पिशवी घ्या, कार्डं राहिली बघा इथे. अं? हो, विकलं ना. आत्ताच, तुम्ही पिशवी उचलत होतात तेव्हा. गप्प बसले म्हणून ठेवीन असं मी कुठे म्हणाले होते? म्हणाले होते का मी तसं, अहो? नाहीच म्हणाले. तेच आपले धरून चालले.

राहू द्या, राहू द्या, तुम्ही नका पुसू. टॉवेल कुठे असतो ते मला माहितेय. तुम्ही बूट घाला, ताई, आणि दार ओढून घ्या जाताना, यांना गार वारा सोसत नाही.